चढाईला टाळ्या, पकडीला जेतेपद

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कबड्डी जिवंत आहे का, हा प्रश्नच नाही. ग्रामदैवताची यात्रा असो की गणेशोत्सव, रात्री प्रकाशझोतातले सामने भरतात आणि मैदानाभोवती माणूस मावत नाही. प्रश्न आहे तो खेळातल्या कलेचा. सात जणांच्या संघात चढाईपटू, कोपरारक्षक, मध्यरक्षक आणि अष्टपैलू अशा भूमिका असतात. यांतली बलवान कोणती, यावर पारावर वाद झडतात. माझं मत असं की गेल्या दहा-बारा वर्षांत गावोगावी चढाई बहरली आणि पकड, त्यातही साखळीची सांघिक पकड, मागे पडली. स्पर्धा जिंकायची तर मात्र भिस्त पकडीवरच ठेवावी लागते.

कोणती भूमिका भारी, हे खेळाडूइतकंच नियमही ठरवतात. महाराष्ट्रात या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे प्रयत्न 1918 च्या सुमारास सुरू झाले. तेव्हा खेळाचे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी संघावर लोण चढेपर्यंत, म्हणजे सगळा संघ बाद होईपर्यंत, बाहेरच बसे. तिथे उतावळी चढाई म्हणजे आत्मघात, आणि शांत डोक्याचा पकडवाला म्हणजे संघाचा कणा. अमर प्रकारात बाद गडी मैदान सोडतच नसे, नुसता गुण मोजला जाई. तिथे धाडसाला किंमतच मोजावी लागत नव्हती. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी परत येतो. आजची कबड्डी याच संजीवनीवर उभी आहे. म्हणून आजचा खरा डाव गुणांइतकाच माणसांचा असतो: समोरचा हुकमी चढाईपटू जास्तीत जास्त वेळ बाहेर कसा बसेल, हे पाहायचं.

कोणती भूमिका भारी, हा वाद फक्त कबड्डीच्या मैदानावरचा नाही. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पनारम्य खेळ आणला. त्यात प्रत्येकाने योद्धा, जादूगार, धर्मोपासक असं एक पात्र निवडायचं. जादूगार सुरुवातीला दुबळा, पण पातळी वाढत गेली की योद्ध्याला झाकोळून टाकणारा. यावर खेळाडू पन्नास वर्षं भांडत आहेत. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तर प्रत्येक पात्रवर्गाला चारपैकी एक काम नेमून दिलं गेलं: संरक्षण, प्रहार, साथीदारांना बळ देणं किंवा रणांगणाचा ताबा. समतोल खेळाडूंवर न सोडता नियमांतच विणायचा, हा त्यामागचा विचार होता. कबड्डीच्या नियमांकडेही याच नजरेनं पाहायला हवं.

आता हिशेब मांडू. चढाईपटू एकटा जातो, त्याच्याकडे 30 सेकंद असतात. एका चढाईत तो दोन, तीन, चार गडी टिपू शकतो. समोर सहा किंवा सात गडी असतील तर कुणालाही न शिवता बोनस रेषेवरून एक गुण घेऊन येतो. बचावाला मात्र यशस्वी पकडीचा गुण एकच. आणि पकड सुटली की अंगाला लागलेले सगळे बाद. म्हणजे जोखीम अनेकांची, कमाई एका गुणाची. हे पारडं सावरायला दोन नियम आहेत. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीला जादा गुण मिळतो, तीच अव्वल पकड. दुसरा नियम तिसऱ्या चढाईचा, म्हणजे मैदानावर सगळे ज्याला 'थर्ड रेड' म्हणतात तिचा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. जाणता संघ पहिल्या दोन चढायांना हातच घालत नाही. तिसरीला सापळा लावतो.

हा सापळा जवळून पाहण्यासारखा असतो. डावा कोपरारक्षक आपल्या शेजाऱ्याचा हात धरून उभा असतो. त्याची नजर चढाईपटूच्या चेहऱ्यावर नसते, पुढच्या पायाच्या टाचेवर असते. चढाईपटू बोनससाठी पाय लांबवतो, क्षणभर सगळं वजन मागच्या पायावर जातं, आणि तेवढ्यात कोपरा झेपावून घोटा धरतो. पण एकट्या घोटा पकडीनं भागत नाही. त्याच क्षणी मध्यरक्षकानं मध्यरेषेचा रस्ता बंद करून छातीनं धडक दिली नाही, तर चढाईपटू कोपऱ्याला फरफटत नेऊन रेषा गाठतो. एकाचं धाडस आणि दुसऱ्याची वेळ यांचा मेळ बसला तरच ती पकड होते.

प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये आली आणि कबड्डीला पैसा व घरोघरी प्रेक्षक मिळाले. चमक मात्र चढाईच्या वाट्याला जास्त आली. चढाईपटू प्रदीप नरवालची डुबकी, म्हणजे पकडवाल्यांच्या हातांखालून निसटणं, पोरापोरांच्या तोंडी झाली. त्याचे चढाईचे गुण 1800 च्या वर, तर पकडीत सर्वांत पुढे असलेल्या इराणच्या फझल अत्राचलीचे 500 च्या वर. नुसते आकडे पाहिले तर तुलनाच संपते. पण दहाव्या हंगामाचा निकाल पाहा. लिलावात सर्वांत महाग ठरलेला चढाईपटू पवन सेहरावत तेलुगू टायटन्सकडे गेला, आणि तो संघ तळाला राहिला. पुणेरी पलटणनं मोठी रक्कम मोजली ती इराणच्याच मोहम्मदरझा शाडलुई या बचावपटूसाठी. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं जेतेपद घेतलं. पुढच्या हंगामात शाडलुई हरियाणाकडे गेला, आणि हरियाणा जिंकला. पलटणच्या त्या अंतिम सामन्यात त्यांच्या पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गडी टिपले, हेही खरं. चढाईपटू सामन्याला कलाटणी देतो. पण तोपर्यंत सामना हातात ठेवतो तो बचाव. त्या विजेत्या पलटणचा कर्णधार होता अस्लम इनामदार, घोड नदीपलीकडच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो चढाई करतो आणि पकडीतही उतरतो. आपल्या मुलांनी डोळ्यांपुढे ठेवावा तो हा नमुना.

आपल्या दोन तालुक्यांत चित्र उलटं दिसतं. सरावात मुलं आळीपाळीनं चढाई करतात, बाकीचे नुसते उभे राहतात. साखळीचा वेगळा सराव क्वचितच होतो. निवेदकाचा आवाज चढाईला चढतो, आणि प्रेक्षकांतून बक्षिसं जाहीर होतात तीही बहुतेक चढाईवर. मॅट आली तसा बुटांना जोर मिळाला, चढाईपटूची वळणं झपाट्यानं होऊ लागली. मातीवर शिकलेल्या कोपऱ्याची झेप तिथे अर्ध्या क्षणानं उशिरा पडते. याची किंमत मुलंच मोजतात. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, रेल्वे आहे. वर्दीचं आणि खेळाडू कोट्यातल्या नोकरीचं स्वप्न इथल्या घरांत रोज बोललं जातं. निवड चाचणीत सात चढाईपटूंचा संघ कुणी उभा करत नाही. तिथे कोपराही लागतो, मध्यरक्षकही लागतो, आणि आपल्याकडून गेलेली बहुतेक मुलं एकाच जागेसाठी एकमेकांशी भांडतात.

उपाय महाग नाहीत. मंडळांनी प्रत्येक सरावातला निम्मा वेळ जोडीनं आणि साखळीनं पकड करण्याला द्यावा. स्पर्धा भरवणाऱ्यांनी उत्कृष्ट पकडीचं बक्षीस उत्कृष्ट चढाईच्या बरोबरीचं ठेवावं आणि अव्वल पकडीला जागेवर रोख इनाम लावावं. शाळकरी गटात प्रत्येक मुलाला वर्षभर कोपऱ्यात उभं करावं, मग त्याची भूमिका ठरवावी. कबड्डी ही सात जणांची कला आहे. एकाच भूमिकेचं कौतुक करत राहिलो तर टाळ्या मिळतील, पण संघ घडणार नाहीत. आणि शिरूर-दौंडच्या मातीत संघ घडवण्याइतकी ताकद आणि जिद्द नक्की आहे.