आझाद मैदानाजवळील 'अमर जवान' स्मारक : प्रतीक आणि विस्मृती

प्रास्ताविक

कोणाची आठवण जपावी आणि ती कोणत्या रूपात जपावी, याविषयी समाजाने घेतलेला निर्णय स्मारकातून व्यक्त होत असतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिकेचे मुख्यालय यांच्या परिसरात, आझाद मैदानाजवळ 'अमर जवान' स्मारक आहे. १८५७ च्या उठावात मुंबईत देहदंड भोगलेल्या सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोन सैनिकांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले. या स्मारकाचे रूप आणि त्यामागील इतिहास यांत पडलेल्या अंतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५७ मध्ये लॉर्ड एलफिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. शहरात गोरे सैन्य तुटपुंजे होते. मुख्य बळ देशी पलटणींचेच होते. दिवाळीच्या सुमारास उठाव करण्याचा बेत या पलटणींत शिजत असल्याचा सुगावा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याला लागला. गिरगावच्या हद्दीला लागून असलेल्या सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या इसमाच्या घरी गुप्त बैठका होत. फोर्जेटने भिंतीला भोके पाडून त्या पाहिल्या, ऐकल्या आणि मरीन बटालियनचा सेनाधिकारी बॅरो यालाही तेथे नेऊन साक्षीदार केले. लष्करी न्यायालयाच्या निकालानुसार मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन व देशी पायदळाचा शिपाई मंगल गडिया यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानात जाहीरपणे तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजचे आझाद मैदान हा त्याच विस्तीर्ण मैदानाचा एक भाग होय.

या घटनेचा प्रमुख वृत्तान्त फोर्जेटनेच आपल्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. पकडणाऱ्याच्या शब्दांतूनच पकडलेले आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांचा स्वतःचा शब्द आपल्या हाती नाही. अशा माणसांचे स्मारक घडवताना त्यांचे वेगळेपण राखण्याची जबाबदारी अधिक वाढते.

रूपविचार

स्मारकात उलटी रोवलेली बंदूक व तिच्यावर शिरस्त्राण ही प्रतिमा योजिली आहे. तिचे मूळ दिल्लीतील इंडिया गेटखालच्या अमर जवान ज्योतीत आहे. १९७१ च्या युद्धातील हुतात्म्यांसाठी २६ जानेवारी १९७२ रोजी त्या ज्योतीचे उद्घाटन झाले आणि २०२२ मध्ये ती राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. ही प्रतिमा प्रजासत्ताकाच्या सीमेवर लढलेल्या जवानाची आहे. सय्यद हुसेन व मंगल गडिया हे मात्र ज्या सैन्याचा पगार घेत होते त्याच सैन्याविरुद्ध उठू पाहणारे होते. पोलादी शिरस्त्राण त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. प्रतीकाला गौरव लाभला, पण बंडाचा आशय हरवला.

या उणिवेचा प्रत्यय ११ ऑगस्ट २०१२ रोजी आला. त्या दिवशी आझाद मैदानावरील हिंसाचारात स्मारकाची नासधूस झाली व देशभर तीव्र संताप उसळला. निषेधाचा मुख्य सूर जवानाच्या अवमानाचा होता आणि तो न्याय्यच होता. तथापि ज्या दगडावर आघात झाला तो एका मुसलमान व एका हिंदू सैनिकाच्या सामायिक मरणाची खूण होता, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. रूपानेच ती सांगितली असती, तर ती इतक्या सहज विसरली गेली नसती.

तुलनेसाठी थोड्याच अंतरावरील हुतात्मा चौकाकडे पाहता येते. तेथे मशाल धरलेले शेतकरी व कामगार हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा सामाजिक पाया कोणता होता, हे रूपातूनच सांगतात. शिल्प म्हणून त्यावर टीका होऊ शकते. परंतु ते दुसऱ्या एखाद्या लढ्याचे स्मारक म्हणून खपणार नाही. 'अमर जवान' कोणत्याही शहरात, कोणत्याही युद्धासाठी चालू शकेल.

निष्कर्ष

ताडदेवच्या एका रस्त्याला फोर्जेटचे नाव मिळाले आणि ते लोकांच्या तोंडी रुळले. त्याने पकडलेल्या दोघांची नावे मात्र त्यांच्याच स्मारकाजवळून जाणाऱ्या बहुसंख्यांना ठाऊक नसतात. स्मारक बदलण्याची गरज नाही. त्याला बोलते करण्याची आहे. १८५७ ची हकीकत सांगणारा ठळक मराठी फलक तेथे असावा आणि सोनापूर परिसरातही एखादी खूण असावी. अनाम जवानाला वंदन करणे सोपे असते. ज्यांची नावे ज्ञात आहेत त्यांना अनाम करून वंदन करणे, हे स्मरणाच्या नावाखाली केलेले विस्मरणच ठरते.