आर्लेकिनोचे हसू

सोव्हिएत संघात एक विनोद सांगितला जाई. भविष्यातल्या विश्वकोशात ‘ब्रेझनेव्ह’ ही नोंद काढून पाहिली, तर तिथे लिहिलेले असेल : अल्ला पुगाचोवाच्या काळातील एक किरकोळ राजकीय पुढारी. तिच्यावर लिहिणारा प्रत्येक जण हा विनोद सांगतो, मीही सांगितला. पण त्यात एक फसगत आहे. तो ऐकून वाटते की गायिका एका बाजूला होती आणि सत्ता दुसऱ्या. प्रत्यक्षात तिच्या ध्वनिमुद्रिका काढणारी ‘मेलोदिया’ कंपनी सरकारी, दूरचित्रवाणी सरकारी, परदेशी महोत्सवाला जायची परवानगीही सरकारी. मग ही गाणी नेमकी कोणाची?

आपल्याकडे रशिया आला तो छापील पानांतून. अण्णाभाऊ साठ्यांचा ‘माझा रशियाचा प्रवास’, गॉर्की-चेखवची भाषांतरे, आणि ज्यांच्या पानांची आम्ही शाळेत वह्यांना कव्हरे घालत असू ती गुळगुळीत कागदाची मासिके. इकडून राज कपूर तिकडे गेला आणि घरोघरी पोचला. तिकडचे गाणे मात्र इकडे आले नाही. मी रशियन शिकलो ते एका जुन्या पाठ्यपुस्तकाच्या आधाराने, कोणी शिकवायला नव्हते. उच्चार सुधारले ते पुगाचोवा ऐकून. त्यामुळे माझे मत तटस्थ आहे असा दावा मी करत नाही.

तिचा जन्म १९४९चा, मॉस्कोतला. शिक्षण संगीत विद्यालयात, समूहगायनाच्या संचालनाचे. १९६५ साली तिचे पहिले गाणे रेडिओवर लागले, पण नाव झाले नाही. पुढची दहा वर्षे फिरतीची गेली. सायबेरियात त्यूमेनच्या तेलक्षेत्रात कामगारांपुढे गाणे, सर्कस विद्यालयात साथीला पियानो वाजवणे, कधी या वाद्यवृंदात, कधी त्या. ही वर्षे चरित्रकार भराभर ओलांडतात. मला ती महत्त्वाची वाटतात, विशेषतः सर्कस. कारण १९७५ साली बल्गेरियातल्या ‘गोल्डन ऑर्फियस’ स्पर्धेत तिने ज्या गाण्यावर सर्वोच्च पारितोषिक मिळवले, ते ‘आर्लेकिनो’ विदूषकाचेच गाणे आहे.

चाल बल्गेरियन संगीतकार एमिल दिमित्रोव्हची, जुनीच. रशियन शब्द नवे लिहून घेतलेले. तोवर सोव्हिएत मंचावरची गायिका बहुधा ताठ उभी राहून, मोजके हातवारे करत गायची. चेहऱ्यावर एकच भाव, तोही आशादायक. पुगाचोवा कळसूत्री बाहुलीसारखी हात झटकत आली आणि ध्रुपदातच खदाखदा हसली. ते हसू आनंदाचे नाही. लोक पैसे मोजून आले आहेत म्हणून हसणाऱ्या माणसाचे ते हसू आहे. काही समीक्षक त्यात बंडखोरी वाचतात. मला ते पटत नाही. बंड असते तर ते दूरचित्रवाणीवर दिसलेच नसते. तिने केले ते वेगळे, आणि माझ्या मते अधिक टिकाऊ : गाणाऱ्या बाईला एक पात्र दिले, आणि त्या पात्राला दुःखी असण्याचा हक्क दिला.

याच्या अगदी उलट टोकाचे काम त्याच वर्षातले आहे. एल्दार र्‍याझानोव्हचा ‘नशिबाची थट्टा’ हा चित्रपट १ जानेवारी १९७६ला दूरचित्रवाणीवर लागला आणि पुढे दर नववर्षाला लागत राहिला. नायिका पोलिश अभिनेत्री बार्बारा ब्रिल्स्का, तिच्या संवादांचा आवाज वालेन्तिना तालिझिनाचा, गाण्यांचा पुगाचोवाचा. लताबाईंच्या देशात पार्श्वगायनाचे नवल ते काय! पण नवल शब्दांचे आहे. मिकाएल तारिवेर्दियेव्हने चाली दिल्या त्या मारिना त्स्वेतायेवा आणि बेला आख्मादुलिना यांच्या कवितांना. त्स्वेतायेवाने १९४१ साली येलाबुगात गळफास घेतला होता. तिची कविता आता कोट्यवधी घरांत जेवणाच्या टेबलापर्यंत पोचली. आर्लेकिनोची ती गडगडाटी गायिका इथे इतकी हळू गाते, की आपण शेजारच्या खोलीतून ऐकतो आहोत असे वाटावे. पुढे तिने मांदेलश्तामची ‘लेनिनग्राद’ ही १९३०ची कविता स्वतःच्या चालीत बांधली. कवीचे पुल्लिंगी क्रियापद तिने स्त्रीलिंगी केले. शुद्धतावाद्यांना हे खटकले तर समजू शकते. पण १९३८ साली छळछावणीच्या वाटेवर मेलेला कवी सुगम संगीताच्या ध्वनिमुद्रिकेवर ऐकू यावा, हे त्या देशात साधे नव्हते.

सत्तेशी तिचे नाते सरळ रेषेत मांडता येत नाही. ३० मे १९८६ रोजी, चेर्नोबिलनंतर महिनाभराने, मॉस्कोत पीडितांच्या मदतीसाठी ‘खाते ९०४’ हा जलसा झाला. त्याच्या उभारणीत ती पुढे होती. त्याच सप्टेंबरात ती दुर्घटनास्थळाजवळच्या कामगारांपुढे जाऊन गायली. डिसेंबर १९९१मध्ये तिला ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ ही पदवी मिळाली, आणि काही दिवसांत तो संघच उरला नाही. नव्या रशियाचीही मानचिन्हे तिने घेतली. येल्त्सिनच्या काळातले घेतले, पुतिनच्या काळातले घेतले. मग सप्टेंबर २०२२मध्ये पती माक्सिम गाल्किन यांना युद्धाला विरोध केल्याबद्दल ‘परकीय हस्तक’ ठरवले गेले, तेव्हा तिने जाहीरपणे न्याय मंत्रालयाला लिहिले की मलाही त्या यादीत घाला. आपली मुले भ्रामक उद्दिष्टांसाठी मरू नयेत एवढेच पतीला हवे आहे, असा त्यातला आशय. तेव्हापासून तिचे जुने गाणे न् गाणे विरोधाचे म्हणून वाचायची टूम निघाली आहे. ही मागाहून चिकटवलेली वीरश्री तिला नको आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी तिने जे केले त्याची किंमत कळायची, तर आधी तिने काय काय स्वीकारले होते तेही मान्य करावे लागते.

एका गाण्याबाबत मात्र माझा निकाल लागत नाही. ‘लाख लाख गुलाब’ (१९८२) हे तिचे सर्वांत गाजलेले गाणे. चाल लात्वियन संगीतकार रायमोंड्स पाउल्सची, शब्द आंद्रेइ वोझ्नेसेन्स्कीचे. नटीच्या प्रेमापायी सर्वस्व विकून तिच्या खिडकीखालचा चौक फुलांनी भरणाऱ्या चित्रकाराची ही कथा जॉर्जियाच्या निको पिरोस्मानीवरून घेतलेली. त्याने १९०९ साली नटी मार्गारिताचे चित्र काढले होते, आणि १९१८ साली तो दारिद्र्यात मेला. जपानमध्येही हे गाणे तोकिको कातोने लोकप्रिय केले.

पण चाल आधीची आहे. एकच वर्ष आधी तिच्यावर लेओन्स ब्रिएदिसचे लात्वियन शब्द होते, गायिका आइया कुकुले. त्यात मारा ही लोकदेवता मुलीला आयुष्य देते आणि सुख द्यायचे विसरते. आई, मुलगी, नात अशी ती उणीव चालत राहते. ती मुलगी म्हणजे लात्विया, असे तिथले श्रोते समजत. रशियन अवतारात देवता गेली, मुलगी गेली, आणि जॉर्जियन चित्रकाराचे गुलाब आले. पुगाचोवा ते अप्रतिम गाते. प्रत्येक कडव्याला ती गोष्ट सांगणाऱ्या बाईचा स्वर बदलते, शेवटच्या कडव्यात नटीची गाडी निघून जाते तिथे आवाज जवळजवळ कोरडा होतो. मी ते शेकडो वेळा ऐकले आहे. अलीकडे त्यानंतर कुकुलेचे लावतो. तिथे वाद्ये कमी, आवाज पोरसवदा, आणि पाउल्सच्या चालीतली ती गोल गोल फिरून जागच्या जागी येणारी लय पाळण्यासारखी वाटते. पुगाचोवाकडे तीच लय जत्रेतल्या चक्रीसारखी होते. लात्विया स्वतंत्र झाला तेव्हा पाउल्स तिथला सांस्कृतिक मंत्री होता.