श्रद्धेच्या शाळेत प्रश्नाला जागा किती?

धार्मिक संस्थांनी चालविलेल्या अनेक प्राथमिक आणि उच्च प्राथमिक शाळा आज आपल्या माहितीपत्रकात 'शोधाधारित' आणि 'प्रकल्पाधारित' शिक्षण असे शब्द आवर्जून छापतात. मिशनच्या शाळा, देवस्थान न्यासांच्या शाळा, मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या शाळा, कोणीही याला अपवाद नाही. महाराष्ट्रात तर आकारिक मूल्यमापनाबरोबर प्रकल्प वर्गावर्गांत पोचलेच आहेत. पण ज्या शाळेत काही उत्तरे आधीपासूनच पवित्र मानलेली असतात, तेथे शोध म्हणजे नेमके काय? श्रद्धा आणि शोध एका छपराखाली नांदूच शकत नाहीत असे काही जण म्हणतात. या दोहोंत कसला विरोधच नाही असे इतर काही जण सांगतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. आपल्याच देशातील दोन उदाहरणे तपासली आणि एक साधा प्रयोग मनाशी करून पाहिला, तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

आधी प्रकल्प या शब्दाविषयी. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रकल्पपद्धती' या नावाचा निबंध लिहिला. मुलाने मनापासून स्वीकारलेला हेतू, त्यासाठी आखणी, प्रत्यक्ष कृती आणि शेवटी स्वतःच केलेले परीक्षण अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. यांतील पहिली आणि चौथी पायरी आपण सहज विसरतो. हेतू शिक्षक ठरवतात, परीक्षण गुणपत्रक करते, आणि मुलाच्या वाट्याला थर्मोकोल कापण्याचे काम येते.

ही पद्धत भारतात लवकर आली, आणि ती आणणाऱ्यांत एक धार्मिक संस्था आघाडीवर होती. पंजाबातील मोगा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची ग्रामशिक्षक घडविणारी शाळा होती. १९२०च्या दशकात विल्यम मॅकी यांच्या नेतृत्वाखाली तेथे खेड्यातील घर, शेत, दुकान असे विषय घेऊन वर्षाचे शिक्षण त्यांभोवती गुंफले गेले. मुले छोटे घर बांधत. त्यातून मोजमाप, हिशेब, स्वच्छता, वाचन, लेखन येई. वसतिगृहातील मुले शेतीही करीत. मॅकी यांचा या अनुभवावर आधारलेला ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला. वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची मांडणी झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मोगाचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. ज्यांना गावाच्या शाळेत बसू दिले जात नव्हते अशा जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची मुले येथे शिकली. हाताने काम करणे हीन नाही, हे त्यांना प्रवचनाऐवजी दिनक्रमातून समजले. धार्मिक संस्थेची शिस्त, चिकाटी आणि सेवाभाव यांशिवाय हे टिकले नसते. मर्यादाही तितकीच खरी आहे. घर कसे असावे याचे उत्तर मोठ्यांपाशी तयार होते. मुलांनी त्या उत्तरापर्यंत पोचायचे होते. मिशनच्या शाळेत धर्मशिक्षण तर अभ्यासक्रमाचा गाभाच. थोडक्यात, मोगाने मुलांना करायला शिकवले. विचारायला किती शिकवले, हा प्रश्न उरतोच.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्याचे. तेथील रसूलिया गावी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे फ्रेंड्स रूरल सेंटर होते. किशोर भारती या संस्थेबरोबर या केंद्राने १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांनी आणि पुढे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांनी शिक्षकांबरोबर बसून प्रयोग केले. १९७८ साली कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पोचला, १९८२ मध्ये त्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली, आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. या शाळा क्वेकरांच्या नव्हत्या, शासनाच्या होत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण बी पेरणाऱ्यांत एक धार्मिक संस्था होती, आणि तिने मुलांनी कुठल्या उत्तरापर्यंत पोचावे हे ठरवून दिले नाही. प्रत्येक गटाचे मोजमाप वेगळे आले तर ती चूक न मानता फरक का पडला याची चर्चा होई. परीक्षेला मुले पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसत. शिक्षकाला 'मला ठाऊक नाही, करून पाहू' असे म्हणण्याची मुभा होती, आणि अडलेले प्रश्न घेऊन जाण्यासाठी शिक्षकांच्या मासिक बैठका होत्या.

म्हणजे संस्था धार्मिक असणे एवढ्यानेच शोधाचे दार बंद होत नाही आणि उघडतही नाही. खरी कसोटी वेगळी आहे. मुलांचे निरीक्षण मोठ्यांच्या अपेक्षेशी जुळले नाही, की शाळा काय करते?

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागते ते पाहा. समजा, पुण्याजवळील एका मंदिर-न्यासाच्या शाळेने सातवीच्या वर्गाला 'मकर संक्रांत' हा प्रकल्प दिला. बहुतेक ठिकाणी तीळगूळ, पतंग, चित्रे आणि 'या दिवसापासून उत्तरायण सुरू होऊन दिवस मोठा होतो' हे वाक्य, एवढ्यावर काम आटोपते. पण एखाद्या शिक्षिकेने मुलांना अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करून नोव्हेंबरच्या अखेरीपासून रोज दुपारची सर्वांत लहान सावली मोजायला सांगितली तर? घड्याळात बारा वाजताची सावली चालणार नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळेल. पुण्यात ही वेळ २२ डिसेंबरला साडेबाराच्या थोडी पुढे, तर संक्रांतीला पावणेएकच्या सुमारास येते. सावली २२ डिसेंबरच्या आसपास सर्वांत लांब, सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. १४ जानेवारीला ती सुमारे ८४ सेंटिमीटर असेल. सहा सेंटिमीटरचा फरक सातवीतील मुलाच्या फूटपट्टीलाही लपवता येत नाही. सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे झालेले असतात.

गंमत अशी, की ज्या गटाने केवळ सूर्योदयाच्या वेळा नोंदवल्या तो संक्रांतीच्या बाजूने पुरावा आणील. कारण पुण्यात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. सूर्यास्तही नोंदवल्यावरच दिवस डिसेंबरअखेरीस वाढू लागल्याचे दिसेल. एकाच अंगणात दोन गटांची दोन मते! शोध सुरू होतो तो येथे.

आता शाळा काय करील? प्रश्न मिटवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. 'पंचांगात लिहिले आहे ते खरे, वहीत तेच लिहा' हा पहिला. 'जुने लोक अडाणी होते' हा दुसरा. दुसरा मार्ग विज्ञाननिष्ठ वाटतो, पण तोही प्रश्नाचा गळाच दाबतो. खरे उत्तर अधिक रंजक आहे. आपली पंचांगे राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. ऋतू मात्र पृथ्वीच्या आसाच्या कलावर अवलंबून असतात. हा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे दोन्ही मोजण्यांत सुमारे ७२ वर्षांना एक दिवस असे अंतर पडत जाते. साचलेले अंतर आज सुमारे २४ दिवसांचे आहे. म्हणजे सुमारे १,७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकर संक्रांत एकाच दिवशी येत असत. मुलांना यात परंपरेचा अपमान दिसणार नाही. जुन्या निरीक्षकांचे कौतुक आणि निरीक्षण पुन्हा पुन्हा करण्याची गरज, दोन्ही एकदम दिसतील.

हीच संधी इतर धर्मांच्या शाळांतही आहे. गोव्यातील एखाद्या चर्चच्या शाळेत मुलांना सांगतात, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. मग २०१९ साली २१ मार्चलाच पौर्णिमा असून ईस्टर २४ मार्चला न येता २१ एप्रिलला का आला? कारण चर्चची पौर्णिमा आकाशात न पाहता कोष्टकावरून काढतात, आणि त्या वर्षी ती २० मार्चला पडत होती. मुस्लिम संस्थेच्या शाळेत रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी का येतो आणि चंद्रदर्शन दोन गावांत वेगवेगळ्या संध्याकाळी का होते, हा प्रकल्प वर्षभर पुरेल. श्रद्धेने मुलांच्या आयुष्यात आणलेले हे दिवस प्रश्नांची खाण आहेत. धर्मनिरपेक्ष शाळेतील मुलाला इतके जिव्हाळ्याचे प्रश्न क्वचितच मिळतात.

यात धोका कुणाचा आहे, हेही सांगितले पाहिजे. तो मुलाचा नाही, शिक्षकाचा आहे. सावलीचा तक्ता भिंतीवर लागला आणि एखादे विश्वस्त किंवा पालक रागावले, तर जाब शिक्षिकेला विचारला जातो. ती तात्पुरत्या नेमणुकीवर असेल तर अधिकच. माहितीपत्रकात शोधाचे गोडवे गाणाऱ्या संस्थेने शिक्षकांना लेखी शब्द द्यावा, की प्रामाणिकपणे घेतलेल्या नोंदी, त्या कोणाला रुचोत वा न रुचोत, बदलायला सांगितले जाणार नाही. शोधक बुद्धीचा विकास हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेत प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. त्यामुळे ही काही फार मोठी मागणी नव्हे.

आपल्या शाळेचा पुढचा प्रकल्प हाती घेण्यापूर्वी शिक्षकांनी तीन गोष्टी तपासाव्यात. यातील प्रश्न एका तरी मुलाच्या तोंडचा आहे का? उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे येण्याची शक्यता आहे का? आणि तसे आले तर ते वहीत तसेच राहील का? तिसऱ्या प्रश्नाला 'होय' म्हणता येत असेल, तर शाळेच्या दारावर कुणाचे चिन्ह आहे याने फारसा फरक पडत नाही. 'नाही' असेल, तर सर्वांत आधुनिक प्रयोगशाळेतही मुले केवळ हस्तकला करीत राहतील.