खोके सांगते एक, यंत्र असते दुसरे

१९९०च्या दशकात नागपुरातील अनेक घरांत सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला ‘व्हिडिओ गेम’ टीव्हीला जोडला गेला. त्यावर ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ असे नाव असे. हे यंत्र नेमके कोणते, असे विचारले की विद्यार्थी खोक्यावरचे नाव वाचून दाखवतात. व्हिडिओ गेमचे प्रचलित इतिहासही तेच करतात. आमची तक्रार हीच आहे.

हे इतिहास नावांची यादी देतात : १९७२चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, १९७७चा अटारी, १९८३चा निन्टेन्डोचा फॅमिकॉम, १९९४चे सोनीचे प्लेस्टेशन. यादी चूक नाही. पण आपल्या घरांतले यंत्र तिच्यात सापडत नाही, कारण ते फॅमिकॉमची नक्कल होते. पुढे काही नकलांनी प्लेस्टेशनचे रूप घेतले. तबकडीचे झाकण उघडावे, तर आत कॅसेटची खाच!

मग ओळख कशी पटवावी? झाड ओळखताना आपण त्याला लावलेली पाटी वाचून थांबत नाही. पाने, फुले पाहतो. येथे कॅसेटच्या कडेचे धातूचे पट्टे मोजावेत. एका बाजूस ३०, म्हणजे एकूण ६० जागा असतील, तर यंत्र फॅमिकॉमच्या कुळातले. त्याच यंत्राच्या अमेरिकेत १९८५पासून विकल्या गेलेल्या आवृत्तीत ७२ असतात. वीजजोडणी काढून नक्कल उघडली, तर आत अनेकदा काळा टणक ठिपका दिसतो. त्याखाली उघडी चिप थेट सर्किटच्या पट्टीवर बसवलेली असते. त्यामुळे खर्च उतरतो. नक्कल स्वस्त होती म्हणूनच ती आपल्या घरांत आली, हेही इतिहासाने नोंदवायला हवे.

कॅसेटवरच्या ‘९९९९९९ इन १’ या दाव्याला मात्र क्षमा नाही. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ ४० किलोबाइटचा आहे. तेवढ्या आकाराचे ९,९९,९९९ खेळ भरायचे, तर सुमारे ४ कोटी किलोबाइट, म्हणजे ४० गिगाबाइट स्मृती लागेल. प्रत्यक्षात खेळ मोजकेच असतात. नाव किंवा सुरुवातीचा टप्पा बदलून तेच यादीत पुन्हा पुन्हा येतात.

शिक्षकांनी माळ्यावर पडलेले असे एखादे यंत्र वर्गात आणावे. नाव कागदाने झाकावे, पट्टे मोजू द्यावेत, गुणाकार करू द्यावा. छापलेला दावा तपासून पाहण्याची सवय येथे लागली, तर ती औषधाच्या बाटलीपासून मोबाइलच्या जाहिरातीपर्यंत उपयोगी पडेल.