नियम, संहिता आणि अनुज्ञा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस मुकुंदराज व दासोपंत ह्या दोघा ग्रंथकारांच्या समाध्या आहेत. परंपरेनुसार शके १११० मधील ‘विवेकसिंधु’ आणि त्यानंतर सुमारे चार शतकांनी दासोपंतांनी रचिलेला ‘गीतार्णव’ हे दोन्ही ग्रंथ ओवीबद्ध आहेत. ओवी योजण्यासाठी दासोपंतांना कोणाची अनुज्ञा घ्यावी लागली नाही. छंद हा रचनेचा नियम, त्यावर कोणाचेच स्वामित्व नव्हते. संहितेची गोष्ट निराळी. त्यांचे समकालीन एकनाथ यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत आपली ओवी घुसडणाऱ्याचा त्यांनी कठोर शब्दांत निषेध केला. नियम सर्वांचा, संहिता कर्त्याची, असा हा भेद होय.

हाच भेद अलीकडे एका खेळाच्या निमित्ताने कसोटीस लागला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला खेळ. खेळाडू मेजाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात आणि फासे टाकून कथा पुढे नेतात. खेळाची पद्धती ग्रंथस्वामित्वाच्या कक्षेत येत नाही; ती मांडणारी शब्दरचना मात्र येते. भारतातही केवळ कल्पनेस हे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. तरीही नियम व शब्द यांची सीमारेषा संदिग्ध राहते. छोट्या प्रकाशकास वादाचे भय वाटते. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ह्या कंपनीने २००० साली दिलेल्या मुक्त अनुज्ञापत्राने हे भय दूर झाले, आणि त्याच्या आधारे अनेकांनी आपले ग्रंथ काढले.

परंतु ते अनुज्ञापत्र संहिता म्हणून वाचता त्यातील वैगुण्य ध्यानी येते. अनुज्ञा ‘चिरंतन’ म्हटली आहे, ‘अपरिवर्तनीय’ म्हटलेली नाही. शिवाय ‘अधिकृत’ आवृत्ती वापरावी, असेही त्यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये बाहेर फुटलेल्या नव्या मसुद्याने नेमका ह्याच शब्दाचा आश्रय घेऊन जुनी आवृत्ती अनधिकृत ठरवू पाहिली, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नावर स्वामित्वशुल्क मागितले. खेळाडूंचा क्षोभ इतका झाला की त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन नियमांची मूळ संहिता ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयनिर्देश अनुज्ञेखाली खुली केली. तिच्या अटी पाळणाऱ्याकडून ती परत घेता येत नाही.

ह्या प्रकरणाचा मराठीशी संबंध काय, असे कोणी विचारील. अंबाजोगाईच्या एखाद्या विद्यार्थ्याने ती संहिता आज मराठीत आणली, तीत बालाघाटाचे डोंगर व तेथील दंतकथा गुंफल्या, तर श्रेय नमूद करून त्यास ती छापता व विकताही येईल. उद्या कंपनीचे मन पालटले, तरी त्याचे श्रम व्यर्थ जाणार नाहीत. पूर्वीच्या अनुज्ञेत ही निश्चिती नव्हती. औदार्य मोठे असले, तरी ते मागे घेण्याची वाट उघडी असेल, तर घेणारा आश्रितच राहतो. मुक्त म्हणविणाऱ्या कोणत्याही अनुज्ञेचे मूल्यमापन म्हणूनच तिने काय दिले एवढ्यावरून न करता, दिलेले परत घेण्याचा अधिकार तिने सोडला की राखून ठेवला, ह्यावरून करावे.