बेरोजगारीची आकडेवारी : राजकीय वाद आणि आर्थिक अर्थ

प्रस्तावना

निवडणूक लोकसभेची असो वा विधानसभेची, बेरोजगारीचा दर हा प्रचारातील हमखास मुद्दा असतो. सत्ताधारी पक्ष दर घटल्याचे सांगतो, विरोधी पक्ष बेरोजगारी वाढल्याचे सांगतो आणि दोघांच्याही हाती कोणता ना कोणता आकडा असतो. दोन्ही बाजूंचे आकडे बहुधा खरे असूनही त्यांतून काढलेले निष्कर्ष का टिकत नाहीत, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात कोल्हापूर जिल्ह्यातील परिचित उदाहरणांच्या आधारे केली आहे.

वादाची पार्श्वभूमी

अलीकडच्या वादाचे मूळ २०१७-१८ च्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत आहे. या पाहणीत बेरोजगारीचा दर ६.१ टक्के आढळला. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने संमती देऊनही अहवाल प्रसिद्ध होईना, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन व सदस्या जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. लोकसभा निवडणुकीनंतर, ३१ मे २०१९ रोजी, अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. ही नवी पाहणी असून तिची जुन्या पाहण्यांशी तुलना करता येणार नाही, अशी शासनाची भूमिका होती. नमुना निवडीची पद्धत बदललेली असल्याने ती सर्वस्वी निराधार नव्हती.

पुढे याच पाहणीतील दर घसरत जाऊन २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. मग भूमिकांची अदलाबदल झाली. ज्यांना पाहणी संशयास्पद वाटत होती त्यांना ती प्रमाणभूत वाटू लागली, ज्यांनी ६.१ टक्क्यांचा आधार घेतला होता ते त्याच पाहणीवर अविश्वास दाखवू लागले. आकडा सोयीचा असेल तर पद्धत योग्य, गैरसोयीचा असेल तर सदोष, हा निकष दोन्ही पक्षांना समान असल्याचे दिसून येते.

व्याख्यांचा प्रश्न

‘बेरोजगार कोण?’ या प्रश्नाचे एकच उत्तर पाहणीत नसते. ‘नेहमीची स्थिती’ या निकषात मागील वर्षभराचा विचार होतो. वर्षाचा बराच काळ बेकार असणारी व्यक्तीही किमान तीस दिवसांचे दुय्यम काम असल्यास रोजगारात गणली जाते. ‘चालू साप्ताहिक स्थिती’नुसार आठवड्यातील कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात असते. त्यामुळे २०२३-२४ या एकाच वर्षी पहिल्या निकषाने दर ३.२ टक्के, तर दुसऱ्याने ४.९ टक्के येतो. दोन्ही आकडे अधिकृत आहेत.

या व्याख्यांचा अर्थ समजण्यासाठी आपल्या महाविद्यालयांबाहेर जाण्याची गरज नाही. नेट अथवा सेट उत्तीर्ण असलेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक सत्र चालू असताना दोन्ही निकषांनुसार रोजगारात आहे. उन्हाळी सुटीत तो काम शोधत असेल, तर साप्ताहिक निकषाने बेरोजगार आणि वार्षिक निकषाने रोजगारात असतो. स्वतःस तो काय समजतो, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पदवीधर कामास उपलब्ध असल्याचे सांगेल तर बेरोजगार ठरतो. ‘शिक्षण घेत आहे’ अशी नोंद झाल्यास श्रमशक्तीतूनच वगळला जातो आणि त्याच्या वगळण्याने दर कमी दिसतो.

घटत्या दराचे स्वरूप

पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ लक्षणीय आहे. परंतु याच काळात ग्रामीण कामकरी स्त्रियांमधील स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५७.७ वरून ७३.५ टक्क्यांवर गेले. करवीर वा कागल तालुक्यातील एखादी स्त्री घरच्या म्हशींचे शेण-चारा-धार सांभाळते आणि दूध गावच्या संस्थेत जाते, तेव्हा ती घरच्या व्यवसायातील विनावेतन मदतनीस म्हणून रोजगारात गणली जाते. तिचे श्रम मोजले जाणे न्याय्यच आहे. मात्र तिची नोंद म्हणजे ‘नवी नोकरी’ नव्हे.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जुलै २०२४ मध्ये मुंबईत, रिझर्व्ह बँकेच्या अहवालाचा दाखला देऊन, तीन-चार वर्षांत सुमारे आठ कोटी रोजगार निर्माण झाल्याचे सांगितले. या आकडेवारीतील रोजगारसंख्या मुख्यतः उपरोक्त पाहणीवरच आधारलेली आहे. तो स्वतंत्र पुरावा नव्हे. म्हशीची धार काढणारी ही स्त्री त्यातही समाविष्ट आहे.

विरोधकांच्या युक्तिवादातही दोष आहेत. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. हे अर्ज म्हणजे तितके बेरोजगार, असे म्हणता येत नाही. एकाच उमेदवाराचे अनेक अर्ज असू शकतात आणि शेती करणारा वा खाजगी नोकरीत असलेला तरुणही अर्ज करतो. मात्र हाती काम असूनही तो ते सोडू इच्छितो, हे त्यातून कळते. आणि नेमकी हीच गोष्ट बेरोजगारीच्या दरात दिसत नाही.

बेकार राहण्यासही ऐपत लागते. मराठवाड्यातून आपल्या जिल्ह्यात येणारा ऊसतोड मजूर काम नाकारून चांगल्या कामाची वाट पाहू शकत नाही. म्हणून तो ‘बेरोजगार’ नसतो. घरच्या आधारावर वाट पाहू शकणारा पदवीधर बेरोजगार ठरतो. अतएव कमी दर हे सुबत्तेचे लक्षण असू शकते, तसेच ते नाइलाजाचेही असू शकते.

महाराष्ट्राचा अनुभव

एकाच आकड्यात बेरोजगारी सामावत नाही, हे दांतवाला समितीने १९७० मध्येच स्पष्ट केले होते. त्याच दशकात महाराष्ट्राने वेगळी वाट चोखाळली. सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बेरोजगार किती, याचा वाद न घालता ‘काम मागेल त्यास काम’ असे तत्त्व शासनाने स्वीकारले. यात मागणी हेच मोजमाप होते आणि मोजमापाबरोबर उत्तरदायित्वही येत होते. या योजनेसाठी सुरू झालेला व्यवसाय कर आजही आपल्या वेतनातून कापला जातो. सुशिक्षितांच्या बेकारीबाबत मात्र असे तत्त्व कधीच स्वीकारले गेले नाही.

निष्कर्ष

१. बेरोजगारीचा दर सांगताना निकष व वर्ष न सांगणे ही दिशाभूल होय, मग ती कोणत्याही पक्षाची असो.

२. दराबरोबर नियमित वेतनदार, स्वयंरोजगारित, विनावेतन मदतनीस व रोजंदारी कामगार यांचे प्रमाण आणि उत्पन्न विचारात घेतले पाहिजे. दर निम्म्यावर आला, तरी नियमित वेतनदारांचे प्रमाण २०१७-१८ मधील २२.८ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये २१.७ टक्क्यांवर उतरले, हे त्याच पाहणीत नोंदले आहे.

३. पदवीनंतर आपले विद्यार्थी कोठे व कोणत्या अटींवर काम करतात, याची नोंद महाविद्यालये ठेवू शकतात. मूल्यांकनासाठी भरलेल्या तक्त्यात तासिकेवरील शिक्षक आणि कायम नोकर एकाच रकान्यात येत असतील, तर राजकीय पक्षांवर ठेवलेला आक्षेप आपणासही लागू होतो.