प्रशासनाची उतरंड आणि गावकुसाबाहेरची नोंद

दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. वेदना, विद्रोह, नकार आणि भाषेचा रांगडेपणा या चार शब्दांत आपल्याकडची बहुतेक समीक्षा आटोपते. हे शब्द खोटे नाहीत. पण या पुस्तकांत आणखी एक गोष्ट पानोपानी आहे आणि तिच्याकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ती गोष्ट म्हणजे सरकार. तराळ, पाटील, तलाठी, फौजदार, मामलेदार ही माणसे या पुस्तकांत केवळ पात्रे म्हणून येत नाहीत. राज्य नावाची वस्तू आमच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने आली आणि आमच्या अंगावर कशी पडली, याची ती साक्ष आहे. या साक्षीच्या उजेडात राज्यकारभाराची रचना पुन्हा तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ही रचना मोठी सुबक दिसते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा ४ महसुली विभाग आणि २६ जिल्हे होते. आज ६ विभाग, ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत. विभागावर आयुक्त, जिल्ह्यावर जिल्हाधिकारी, उपविभागावर प्रांत, तालुक्याला तहसीलदार, त्याखाली मंडळ अधिकारी आणि सज्जावर तलाठी. अलीकडे, २०२४ साली, तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे केले, तरी लोकांच्या तोंडी तो तलाठीच आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने ही बाजू बांधली. दुसऱ्या बाजूला वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या उभ्या राहिल्या. खाली ग्रामपंचायती, आज सुमारे २८ हजार. एक शिडी अधिकाऱ्यांची, दुसरी निवडून आलेल्यांची. दोन्ही शिड्या वरून खाली उतरतात आणि दोन्ही गावात येऊन थांबतात.

नेमका इथेच प्रश्न आहे. गाव ही शेवटची पायरी, असे कायदा म्हणतो. म्हणजे गाव हे एक आहे, अखंड आहे, असे तो गृहीत धरतो. पण या महाराष्ट्रात एकसंध गाव कुणी पाहिले आहे? गाव म्हटले की गावकूस आले आणि गावकूस म्हटले की बाहेरची वस्ती आली. विभाग, जिल्हा, तालुका, गाव असे मोजत आलेले सरकार गावापाशी बोट थांबवते. गावापासून वस्तीपर्यंतचे शंभर-दोनशे पावलांचे अंतर कुणाच्या ताब्यात? ते सरकारने जातीच्या ताब्यात ठेवले.

हे काही नजरचुकीने झाले नाही. इंग्रजांनी गावगाडा मोडला नाही, तो वापरला. १८७४ च्या वतन कायद्याने महाराच्या गळ्यात सरकारी काम कायदेशीरपणे अडकवले. सारा तालुक्याला पोहोचवणे, दवंडी देणे, निरोप नेणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, गुन्ह्याची वर्दी देणे ही सगळी कामे सरकारची. मोबदला मात्र तुटपुंजी इनाम जमीन आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते. नोकर सरकारचा आणि पोट गावाच्या हाती, असा हा सौदा होता. शिवाय राबायचे एका माणसाने नव्हे, साऱ्या घराने, आणि हाक येईल त्या वेळेला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याचसाठी. ते संमत झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात गेली ती १९५९ साली. राज्ययंत्राचा अगदी तळाचा दगड ८५ वर्षे आमच्या छातीवर होता आणि त्याला प्रशासन असे कुणी म्हटले नाही. त्याला म्हारकी म्हटले.

आता या माहितीच्या उजेडात शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) वाचावे. विहिरीत प्रेत सापडते. तराळकी करणाऱ्या वडिलांना तिथे राखण करावी लागते. पुढे प्रेत वर काढायलाही त्यांनीच विहिरीत उतरायचे, असा पोलिसांचा हुकूम होतो. समीक्षकांनी हा प्रसंग करुण म्हणून वाखाणला. पण तो करुण आहे तेवढाच प्रशासकीयही आहे. मयताचा पंचनामा हे सरकारचे काम. त्याचा कागद पोलीस लिहिणार, सही-अंगठे गाव देणार आणि जीव धोक्यात घालून विहिरीत उतरणार तराळ. सरकारच्या कामाची वाटणी जातीने कशी होते, हे खरातांनी जसे दाखवले तसे लोकप्रशासनाच्या एकाही पाठ्यपुस्तकात मी वाचलेले नाही. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये महाराच्या गावकामांची जी जंत्री येते तीही अशीच वाचली पाहिजे. त्या कामांतली निम्मी गावाची आहेत, निम्मी सरकारची आहेत, आणि कोणते काम कुणाचे हे करणाऱ्याला कधीच सांगितले जात नाही. गाव आणि सरकार यांच्यातली सीमारेषा वस्तीवरून पाहिली तर दिसतच नाही. दोघांचीही हाक एकाच आवाजात येते.

ज्यांना गावच नाही त्यांचे काय? लक्ष्मण माने यांचा 'उपरा' (१९८०) हा या प्रश्नावरचा ग्रंथ आहे. गाढवावर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरणारा कैकाडी कोणत्या सज्जात बसवायचा? गावाबाहेर पाल पडले आणि चार दिवसांनी उठले, की तो त्या गावाचा उरत नाही आणि पुढच्या गावाचा होत नाही. मुलाची शाळा तुटते ती काही केवळ गरिबीमुळे नव्हे. राज्याची सारी मोजणी स्थिर घर धरून चालते म्हणून ती तुटते. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' (१९८७) मध्ये चित्र उलटे आहे. तिथे सरकारला या माणसांचा पत्ता चांगला ठाऊक आहे, पण तो पोलिसांच्या वहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू केलेली ती वही १९५२ साली कायदा रद्द झाल्यावरही पोलिसांच्या डोक्यातून गेली नाही. ज्याला तलाठी ओळखत नाही त्याला फौजदार ओळखतो, ही आमच्याकडच्या भटक्या-विमुक्तांच्या नागरिकत्वाची तऱ्हा.

कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तसे असते तर बरे झाले असते. जातीच्या दाखल्याचेच पाहा. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० रोजी आपले कुटुंब कोठे राहत होते ते दाखवावे लागते. विमुक्त-भटक्यांना तारीख २१ नोव्हेंबर १९६१ ची. एका विद्यार्थ्याच्या अशा दाखल्यासाठी मी त्याच्याबरोबर कचेऱ्या हिंडलो आहे. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, म्हणून शाळेचा उतारा नाही. जमीन कधी नव्हती, म्हणून सातबारा नाही. मधल्या काळात जिल्ह्याचे दोन जिल्हे झालेले, म्हणून जुने दप्तर कोणत्या कचेरीत हे सांगायला दोन्हीकडचे कारकून तयार नाहीत. शेवटी गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, कोतवाल बुकात, एक ओळ सापडली. नाव एका शब्दाचे, आडनाव नाही, पुढे फक्त जात. आमच्या माणसाची सरकारदप्तरी उरलेली एकमेव खूण ती. जातीमुळे शाळा नाही, जातीमुळे जमीन नाही, आणि ती जात सिद्ध करायला सरकार शाळेचा आणि जमिनीचा कागद मागते!

जमिनीच्या दप्तराची कहाणी याहून बोलकी आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने असतात, एक ते एकवीस. सातबारा हा मालकाचा कागद, तो सर्वांना ठाऊक आहे. पण कार्यकर्त्यांनी नमुना १-ई पाहावा. ती अतिक्रमणाची नोंदवही आहे. गायरान कसून खाणाऱ्या हजारो दलित कुटुंबांचे नाव सरकारदप्तरी आढळते ते या वहीत, अतिक्रमक म्हणून. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यानंतर १९७८ आणि १९९१ च्या शासननिर्णयांनी ही अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. तेव्हा हीच १-ई ची नोंद आणि दंडाची पावती हक्काचा पुरावा ठरली. पण ज्यांची नोंदच तलाठ्याने घेतली नाही ते बाहेर राहिले. पुढे २०११ साली गावच्या सामाईक जमिनींविषयी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अशा जमिनी सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या असतील, तर तो अपवाद म्हणून विचारात घेता येईल, असे त्यात म्हटले आहे. तरीही २०२२ साली गायरानावरच्या नोटिसा निघाल्या तेव्हा धनदांडग्याचा बंगला आणि भूमिहीनाचे पत्र्याचे घर एकाच मापाने मोजले गेले.

अशा वेळी आपले पुरोगामी मित्र विकेंद्रीकरणाचा मंत्र म्हणतात. सत्ता जवळ न्या, जिल्हे लहान करा, गावाला अधिकार द्या. १९८१-८२ साली जालना, सिंधुदुर्ग, लातूर, गडचिरोली हे जिल्हे झाले. नंतर आणखी होत २०१४ साली पालघर हा छत्तिसावा झाला. कचेरी जवळ आली, एस.टी.चे भाडे वाचले, हे खरेच आहे आणि ते लहान नाही. पण सत्ता जवळ येते म्हणजे कुणाच्या जवळ येते, हे विचारायला हवे. दलिताचे सत्तेपासूनचे अंतर मैलांत मोजता येत नाही. बहिष्कार पडतो तेव्हा तो जिल्ह्याच्या ठिकाणी ठरत नाही, पारावर ठरतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांनी तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देऊ नये, असे ठरवले. याचा अर्थ काय? जवळची सत्ता या कामी भरवशाची नाही, हे राज्याने स्वतःच लिहून दिले आहे.

बाबासाहेबांना हे आधीच दिसले होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी गावाचा गौरव करणाऱ्यांना खडसावले आणि घटनेने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिताना त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व. त्यामागे केवळ सोय नव्हती. भाषेच्या नावाने राज्य होते, पण त्यात राज्य करते ती संख्येने मोठी जात, ही त्यांची चिंता होती. त्याहून मूलगामी मागणी १९४२ च्या नागपूर परिषदेतली. तिथे अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती मागितल्या गेल्या. या मागणीशी आज सहमत व्हावे असे मी म्हणत नाही. वेगळी वसाहत म्हणजे सरकारी शिक्क्याचे गावकूस होण्याचा धोका आहे. पण त्या मागणीने प्रश्न मात्र अचूक विचारला होता: गाव जर एक नसेल, तर गावाला घटक मानणाऱ्या राज्यात बाहेरच्याने कोठे राहायचे?

राज्याला वस्ती दिसतच नाही असेही नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात वाडी-पाड्यालाही गाव मानण्याची सोय केली, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागण्याचा रस्ता दिला. म्हणजे मनात आणले तर शिडीला आणखी एक पायरी लावता येते. दलित वस्तीला मात्र सरकार ओळखते ते योजनेपुरते. वस्ती सुधारणेचा निधी वस्तीच्या नावाने येतो आणि त्याचा रस्ता कोठून काढायचा हे ग्रामपंचायत ठरवते. तो रस्ता वस्तीत पोहोचण्याआधी कुणाच्या दारावरून जातो, ते वाचकांनी आपापल्या गावात पाहून घ्यावे. २०२० साली सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर आली. नावे गेली हे चांगलेच झाले. पण समतानगराच्या नळाला पाणी गावाच्या नंतर येत असेल, तर बदलली ती फक्त पाटी.

म्हणून दोन गोष्टी मागायच्या. कार्यकर्त्यांनी वस्ती हा हिशेबाचा घटक मागावा: वस्तीचा निधी वस्तीच्या सभेत ठरावा, वस्तीचा जमाखर्च वस्तीत वाचला जावा आणि गायरान कसणाऱ्याची नोंद तलाठ्याने वस्तीत येऊन घ्यावी. आणि समीक्षकांनी दलित आत्मकथनांकडे अश्रूंचे साहित्य म्हणून पाहणे थांबवावे. गाव नमुने एक ते एकवीस भरले तरी जी नोंद त्यांत बसत नाही, ती आमच्या लेखकांनी केली आहे. आपल्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातला राज्यकारभाराचा तक्ता जरूर फळ्यावर काढावा. तो काढून झाल्यावर गाव या शब्दाखाली एक रेघ ओढावी, तिच्याखाली वस्ती असे लिहावे आणि वर्गाला विचारावे, इथे कोणता अधिकारी येतो?